लॉक-इनचे आठ महिने बाकी आहेत आणि अभ्यासिका बंद करायची आहे. हॉल आधी सोडता येतो का?

नवीपेठेतला_अभ्यासिकावाला
३ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. पुण्यात नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर सोळाशे चौरस फुटांचा हॉल, नव्वद केबिन, तीन एसी, पाण्याचा एक कूलर आणि दारात चपलांचा ढीग. मी मूळचा अहमदपूरचा. चार वेळा लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, पुढं गाडी सरकली नाही. मग ज्या गल्लीत आठ वर्षं दुसऱ्याच्या केबिनमध्ये बसलो, तिथंच स्वतःच्या केबिन ठोकल्या.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, १ जून २०२४ ते ३१ मे २०२७, छत्तीस महिने. पहिल्या वर्षी भाडं ७०,०००, दरवर्षी दहा टक्के वाढ, म्हणजे या जूनपासून ७७,०००. डिपॉझिट साडेतीन लाख. मुद्रांकाचे सात हजार दोनशे आणि नोंदणीचे हजार मीच भरले. एजंट रात्री नऊला मशीन घेऊन हॉलवर आला. मालकांचा अंगठा, माझा अंगठा, दोन साक्षीदार. त्यातला एक आमचा सुतार, तो तेव्हा केबिनला सनमायका चिकटवत होता, त्याचं बोट मशीन घेईना म्हणून फेविकॉल खरवडून काढायला पाच मिनिटं गेली. बाकी सगळं काम वीस मिनिटांत. करार इंग्रजीत होता. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवण्यात माझी जवानी गेली, पण त्या रात्री मी फक्त रक्कम आणि तारखा बघितल्या. कलम १४ नीट वाचलं ते परवा.

त्यात असं आहे: पहिले चोवीस महिने लॉक-इन. त्याआधी मी जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. मालकांनीही या काळात मला काढायचं नाही, मात्र दोन महिने भाडं थकलं तर काढता येईल. लॉक-इन संपल्यावर कुणीही दोन महिन्यांची नोटीस देऊन मोकळं.

आता हिशोब. एसी केबिनचे महिन्याला १,८०० घेतो. सध्या ४१ पोरं आहेत, म्हणजे ७३,८०० जमा. खर्च: भाडं ७७,०००, महावितरणचं कमर्शियल बिल तीस हजारांच्या आसपास, दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन मुलं ठेवली आहेत त्यांचे २२,०००, वायफाय-पाणी-फिनेल मिळून पाच हजार. एक लाख चौतीस हजार. महिन्याला साठ हजार खिशातून जातात आणि खिशाला आता अस्तरच उरलंय.

पोरं का कमी झाली? २०२३ साली मुख्य परीक्षेला वर्णनात्मक पद्धत, म्हणजे पर्याय न देता सविस्तर उत्तरं लिहायची पद्धत, नको म्हणून पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा ती २०२५ वर गेली. ते २०२५ आता आलं. ज्यांचा सगळा अभ्यास चार पर्यायांवर उभा होता त्यातले बरेच माझ्या डोळ्यांसमोर गाद्या गुंडाळून गावी गेले. त्यात आमच्याच गल्लीत दीड वर्षात तीन नव्या अभ्यासिका निघाल्या. एकीत तर झोपायला बंक आहेत. आणि तालुक्याच्या गावी पाचशे रुपयांत केबिन मिळायला लागली, घरचा डबा वेगळा. मीच पोरगा असतो तर गावीच बसलो असतो.

मालक तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी त्यांना काका म्हणतो. संबंध चांगले आहेत, तीच तर अडचण आहे. परवा गौरीजेवणाला काकूंनी वर बोलावलं. पुरणपोळीवर तूप वाढलं जात असताना मी बोलून बसलो की ३० सप्टेंबरला हॉल सोडतो. २८ ला राज्यसेवेची पूर्व आहे, तोवर पोरांना हलवत नाही. काका जेवायचे थांबले नाहीत. म्हणाले, "अरे, ऑक्टोबर ते मे आठ महिने. सहा लाख सोळा हजार. डिपॉझिट वजा जाता दोन सहासष्ट तू देणं लागतोस. मी पदरचं काही मागत नाही, कागदातलं मागतोय."

पोळी घशाखाली उतरेना.

तर माझे प्रश्न. सहा लाख सोळा हजार खरंच द्यावे लागतात का? करारात 'अॅक्ट ऑफ गॉड'चं, म्हणजे दैवी आपत्तीचं कलम आहे, परीक्षेची पद्धत बदलली हे त्यात बसेल का? आयोगाला देव म्हणता येतं का माहीत नाही, पोरं तर रोज हात जोडतात. आणि केबिन कुणाच्या? त्या जमिनीला स्क्रूने बसवल्या आहेत.


एकदम_सरळ
३ सप्टेंबर २०२५

भाऊ, उत्तर तुमच्याच कलमात आहे की. दोन महिने भाडं देऊ नका. म्हातारा स्वतःच काढेल. त्याने काढलं म्हणजे तुम्ही सोडलं नाही, मग कसलं लॉक-इन? डिपॉझिटमध्ये साडेचार महिने निघतात, तोवर आरामात बसा. पुण्यात सगळे हेच करतात.


शिवाजीनगर_वकील
४ सप्टेंबर २०२५

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. भाडं थकवणं हा तुमचा करारभंग झाला. मालकाने त्यावरून बाहेर काढलं तरी भरपाई मागायचा त्याचा हक्क जात नाही. उलट कोर्टात तुम्ही 'व्यवसाय बुडालेला होतकरू तरुण' म्हणून उभे राहायच्या ऐवजी 'भाडंबुडवा' म्हणून उभे राहाल. फरक पडतो. आणि डिपॉझिट भाड्यात वळतं करायचं की नाही हे एकट्याने ठरवता येत नाही, तुमच्या करारात तसं लिहिलेलं नसणार.

आधी एक गोष्ट. तुमचा कागद भाडेपट्टा नाही, लायसन्स आहे, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, १८८२ च्या ईझमेंट अॅक्टचं कलम ५२. लोक मोबाइलवर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ वाचतात आणि पंधरा दिवसांची नोटीस ठोकून मोकळे होतात. ते भाडेपट्ट्यासाठी आहे. तुमच्या बाबतीत बघायचा तो करारातला मजकूर आणि त्याच्यामागे उभा असलेला १८७२ चा करार कायदा.

त्यातलं कलम ७४ तुमच्या कामाचं. करार मोडल्यावर द्यायची रक्कम कागदात लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा समजायची, कोर्ट तिच्या आतली वाजवी भरपाई देतं. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तिथं ते सिद्ध करावं लागतं. शिवाय कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान कमी करायला समोरच्याच्या हाताशी काय उपाय होते तेही बघितलं जातं. म्हणजे काकांनी हॉलला कुलूप लावायचं, आठ महिने गॅलरीत बसायचं आणि भाडं तुमच्याकडून घ्यायचं, असं आपोआप होत नाही.

पण लगेच पेढे वाटू नका. नवा माणूस मिळेपर्यंतचा काळ, दलाली, रंगरंगोटी हे नुकसान खरंच आहे आणि ते तुमच्या डोक्यावर येणार. पूर्ण लॉक-इनचं भाडं मान्य करणारे निकालही आहेत, शब्दरचनेवर बरंच ठरतं. आणि साडेतीन लाख आज त्यांच्या हातात आहेत, तुमच्या नाही. ते परत मिळवायला दावा तुम्हाला लावावा लागेल. तारखांचा हिशोब माझ्याइतका तुम्हाला कुणी सांगू शकणार नाही.

देवाच्या कलमाबद्दल: नाही. गिऱ्हाईक कमी होणं हा धंद्यातला धोका आहे. १९६८ चं राजा ध्रुवदेव चंद प्रकरण वाचा. भाड्याने घेतलेली शेतजमीन फाळणीत पाकिस्तानात गेली, माणूस भाडं परत मागायला आला, त्यालाही मिळालं नाही. तो भाडेपट्टा होता म्हणून तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही, पण कोर्ट कुठल्या नजरेनं बघतं ते कळेल. देश तुटला तरी चाललं नाही, तुमची तर फक्त प्रश्नपत्रिका बदलली आहे.

केबिन तुमच्या. लायसन्स संपल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ मिळायचा हक्क त्याच कायद्यात कलम ६३ मध्ये आहे. स्क्रूची भोकं बुजवून द्या.

आता करायचं काय ते. तोंडी बोललात ते झालं, पण तारीख, कारण आणि तुमचा प्रस्ताव लिहून द्या, स्पीड पोस्टने पाठवा आणि एक प्रत वर जाऊन हातात द्या. त्यात हे वाक्य हवंच: 'आपण नवीन लायसन्सी शोधावा, जागा दाखवायला माझी पूर्ण मुभा आहे.' पुढे वेळ आलीच तर हे एक वाक्य तुमच्या बाजूने बोलेल. किल्ल्या पावतीशिवाय देऊ नका, आणि किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या पायपुसण्याखाली ठेवून तर मुळीच जाऊ नका, असे अशील मी पाहिलेत. नोंदवलेला करार आहे, तेव्हा रद्दलेखही नोंदवा. नाहीतर नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा काढला की मे २०२७ पर्यंत तुमचंच नाव निघेल.


ठाण्याची_गाळेवाली
४ सप्टेंबर २०२५

सगळे भाडेकरूच्या बाजूने लिहितायत, म्हणून मी मालकाच्या बाजूने लिहिते. माझा ठाण्यात दोन शटरचा गाळा आहे. सासऱ्यांनी घेतलेला. आमचं पेन्शन म्हणजे तेच.

तीन वर्षांपूर्वी दोन मुलं आली, कॅफे काढायचा म्हणून. गोड बोलणारी. फर्निचर होईपर्यंत दीड महिना भाडं नको म्हणाली, मी दिला. चिमणीसाठी मागची भिंत फोडायची परवानगी मागितली, तीही दिली. त्याच आठवड्यात एक औषधाचं दुकानवाला आला होता, त्याला मी नाही म्हटलं. सातव्या महिन्यात शटरवर 'लवकरच नव्या रूपात' असा कागद, आणि फोन बंद. मीटर माझ्या नावावर, बिल ४१,००० चं थकलेलं. भिंतीला अजून गोल भोक आहे, त्यातून मांजर येतं.

तेव्हापासून मी लॉक-इनशिवाय करार करत नाही. ते कलम पैसे कमवायला घातलेलं नसतं. नाही म्हटलेला औषधवाला परत येत नसतो, म्हणून असतं.

अभ्यासिकावाले दादा, तुमच्या काकांना काय दिसतंय ते सांगते. येत्या ८ तारखेपासून पितृपक्ष. २१ ला सर्वपित्री. तेवढ्या दिवसांत कुणी जागा बघायला जिना चढणार नाही, टोकन देणं तर लांब. तुम्ही ३० ला सोडणार, म्हणजे त्यांच्या हातात घटस्थापनेनंतरचे आठ दिवस. दसरा गेला की लोक म्हणतात आता दिवाळीनंतर बघू. झाले की नाही दोन-अडीच महिने रिकामे? तुम्ही त्यांना सत्तावीस दिवस दिलेत आणि त्यातले चौदा पितरांचे.

सहा लाख मागणं चूक आहे, मान्य. पण तुम्ही पोळी खाताना सांगितलंत हेही चूक आहे. कागद-पेन घेऊन बसा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. माणूस शोधून घेऊन जा. आम्हा मालकांना रिकाम्या जागेइतकं दुसरं काही बोचत नाही.


एकदम_सरळ
४ सप्टेंबर २०२५

ताई, सगळे मालक तुमच्यासारखे नसतात. माझे एक लाख वीस हजार एकाने असेच गिळले. पण जाऊ द्या.


आकडेमोड
५ सप्टेंबर २०२५

मी सीए आहे. भाड्याच्या वादात पडत नाही, पण कुणी विचारलं नाही ते विचारतो. टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा मालकाचा आयकर, कापलात का?

तुम्ही व्यक्ती म्हणून धंदा करता, ऑडिट लागत नाही, पण भाडं महिन्याला ५०,००० च्या वर आहे. मग १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९४-आयबी तुम्हाला लागतं. दर महिन्याला कापायचा नसतो. वर्षातून एकदा, मार्चमध्ये. आणि मधेच जागा सोडली तर शेवटच्या महिन्यात. म्हणून आत्ता सांगतोय. ऑक्टोबर २०२४ पासून दर दोन टक्के आहे, आधी पाच होता.

३० सप्टेंबरला सोडलंत तर एप्रिल-मेचे १,४०,००० आणि जून ते सप्टेंबरचे ३,०८,०००, एकूण ४,४८,००० वर ८,९६० रुपये. शेवटच्या भाड्यातून कापा, महिना संपल्यापासून तीस दिवसांत फॉर्म २६क्यूसी भरा, मालकांना कर कापल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे १६सी द्या. त्यांचा पॅन लागेल. कापलेली रक्कम त्यांच्याच खात्यावर करापोटी जमा दिसते, त्यांचं काही बुडत नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगा. नाहीतर ऐन किल्ल्या देताना भांडण होतं.

मागच्या वर्षीचं काय केलंत? जून २०२४ ते मार्च २०२५, दहा महिने, सात लाख, त्यावर १४,०००. ३० एप्रिलच्या आत भरायला हवे होते. उशिराचे दिवसाला २०० रुपये लागतात, फक्त ते शुल्क कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही एवढीच सवलत. तुमच्या बाबतीत ती मर्यादा केव्हाच गाठली गेली. व्याज वेगळं.


नवीपेठेतला_अभ्यासिकावाला
५ सप्टेंबर २०२५

सीए साहेब, कापला नाही. १९४-आयबी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. राज्यघटनेचं कलम १९४ विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं.

ताई, पितृपक्ष माझ्या डोक्यातच नव्हता. खरं आहे. विसर्जन उद्या आहे, अलका चौकाकडून ढोलांचा आवाज असा येतोय की केबिनमधल्या पाण्याच्या बाटल्या थरथरतायत. अर्धी पोरं कानात बोळे घालून बसलीत, उरलेली पथकात आहेत. मिरवणूक उरकली की वहीपेन घेऊन वर जातो.


नाशिकचा_जिमवाला
६ सप्टेंबर २०२५

मी गंगापूर रोडची जिम अशीच मुदतीआधी सोडली. दोनच गोष्टी सांगतो.

नवा माणूस मिळाला तरी त्याला स्वतः आत बसवू नका. 'तू दे मला भाडं, मी देतो मालकाला' हे करू नका. मी केलं. पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालकाने उलट माझ्यावरच बोट ठेवलं, आणि तो माणूस तिसऱ्या महिन्यात गायब. नवा करार थेट मालक आणि त्याच्यात होऊ द्या, तुमचा रद्द करा, एकाच दिवशी.

दुसरं, सामानाचं गिऱ्हाईक आधी शोधा, जागेचं नंतर. रिकामं करायची तारीख अंगावर आली की भंगारवाला किलोवर बोलतो. माझी ट्रेडमिल मी ज्या भावाला दिली ते आठवलं की अजून पोटात दुखतं. केबिन प्लायच्या असतील तर काढताना फुटणार, दहापैकी एक-दोन गेल्याच समजा. ज्या सुताराने बसवल्या त्यालाच काढायला बोलवा, त्याला स्क्रू कुठे लपवलेत ते माहीत असतं.


नवीपेठेतला_अभ्यासिकावाला
२४ नोव्हेंबर २०२५

मंडळी, बरेच जण निरोप पाठवून विचारतायत म्हणून शेवट काय झाला ते लिहितो. शनिवारी किल्ल्या दिल्या.

विसर्जनानंतर वर गेलो. सोबत वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलेलं पत्र आणि पाच महिन्यांच्या जमाखर्चाची वही. काकांनी चष्मा लावून वही पूर्ण वाचली. फिनेलसुद्धा. मग कुठल्यातरी लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि स्वतःचा हिशोब मांडला: रिकामे महिने तीन, दलाली एक महिना, रंग. तीन लाख आठ हजार आणि वर रंग. म्हणजे सहा सोळाचे एका पत्रिकेवर अर्धे झाले, मी तोंडही उघडलं नव्हतं. मी म्हटलं, काका, माणूस मी आणला तर? ते म्हणाले, "आण. मग दलाली खोडतो." आणि खरंच त्या ओळीवर रेघ मारली, पण हलकी, पेन्सिलीने.

एजंटांनी पितृपक्षात फोन उचलला नाही. (ताई, दंडवत.) माणूस सापडला तो खालच्या चहावाल्याकडे. दोन आर्किटेक्ट रोज तिथं उभ्याने नकाशे उघडून बसायचे, त्यांच्या ऑफिसात जागा पुरत नव्हती. चहावाला म्हणाला, ह्यांना वर दाखवा की. घटस्थापनेच्या दिवशी दाखवलं. त्यांना हॉल मोकळा हवा होता, एक डिसेंबरपासून, आणि फर्निचरसाठी एक महिना भाडं माफ. भाडं ८०,०००.

मी ३० सप्टेंबरला सोडायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मराठवाड्यात पाऊस किती झाला ते तुम्ही बघितलंच. माझ्याकडची सात-आठ पोरं सीनेच्या काठची, त्यांची घरं पाण्यात, आणि पोरं इथं तिसऱ्या उजळणीला बसलेली, निघावं की थांबावं कळेना. मग ऐन तोंडावर पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. आता चाळीस पोरांना परीक्षेच्या मध्यात कुठं घालू? काकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "बसू दे. तसंही ते नकाशेवाले डिसेंबरात येणार आहेत." म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचं भाडं मी भरलं. दोन महिन्यांचा तोटा माझा, पण हॉल एक दिवस रिकामा राहिला नाही.

तडजोड अशी झाली. काकांचं प्रत्यक्षात बुडतंय ते फक्त डिसेंबरचं, माफ केलेल्या महिन्याचं भाडं. ते ७७,००० माझ्या डिपॉझिटमधून. रंग आणि स्क्रूची भोकं १८,०००. साडेतीन लाखांतून ९५,००० गेले, २,५५,००० परत. एक लाख किल्ल्यांबरोबर खात्यात आले, बाकी १,५५,००० चा पाच डिसेंबरचा चेक, तोवर नव्या मंडळींचं डिपॉझिट येईल म्हणतात. रद्दलेख आणि त्यांचा नवा करार त्याच दिवशी नोंदवला. तोच एजंट, तेच मशीन. या वेळी मी प्रत्येक कलम मोठ्याने वाचलं. एजंट दोनदा घड्याळाकडे बघून खोकला. वाचताना एक सापडलंही: 'लायसन्सीची कोणतीही मागणी उरलेली नाही' असं लिहिलं होतं, चेक वटायच्या आधीच. 'चेक वटल्यानंतर' हे दोन शब्द घालून घेतले. वकील साहेब, एवढं तरी शिकलो.

टीडीएसवर मात्र व्हायचं ते झालं. या वर्षीचे ६,०२,००० वर १२,०४० नोव्हेंबरच्या भाड्यातून कापले. काका म्हणाले, "हे काय नवीन काढलंस?" त्यांच्या २६एएसमध्ये, म्हणजे जमा कराच्या उताऱ्यात दिसेल म्हटल्यावर मुलाला अमेरिकेत फोन लावून खात्री करून घेतली आणि मग गप्प झाले. मागच्या वर्षीचे १४,०००, तेवढंच शुल्क आणि व्याज माझ्या खिशातून गेलं. काकांकडे ते मागायचं तोंड नव्हतं.

केबिन नऊ तारखेला संध्याकाळी पेपर सुटल्यावर काढायला घेतल्या. जिमवाले दादा, त्याच सुताराला बोलावलं, तरी नव्वदपैकी पंधरा फुटल्या. ३७ नंबरवाला पोरगा सुतारासमोर उभा राहून स्वतःची फळी मागून घेऊन गेला, तिच्यावर त्याने मूलभूत हक्कांची कलमं करकटकाने कोरली होती. मी त्याच्या लॉकर-डिपॉझिटमधून सनमायकाचे पैसे कापायचे ठरवले होते, ते राहूनच गेलं. चौसष्ट केबिन केजच्या एका पोराने नगाला ११०० ने नेल्या. मला पडल्या होत्या ३,२०० ला. तो तिथं अभ्यासिका काढतोय, पाचशे रुपये महिना. मी त्याला लॉक-इन किती आहे विचारलं. जागा मामाची आहे म्हणाला.

एकदम_सरळ भाऊ, तुमचे एक वीस मिळाले का कधी?

अकरा केबिन उरल्या आहेत, कात्रजला मित्राच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवल्यात. दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट बसवलेला आहे. कुणाला हव्या असतील तर निरोप पाठवा, हजारला देतो, टेंपो तुमचा.